पस्तीस दिवस आणि त्यानंतर

“उपयोग होतो का रे त्याचा? का नुसतं बोलतच बसतात?”

मामीने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही तिच्या जुन्या पनवेलमधल्या घरी, स्वयंपाकघरात चहा उकळायची वाट बघत उभे होतो. बाहेरच्या खोलीत मामा झोपला होता. झोपला होता म्हणजे पडला होता. सकाळचे अकरा वाजले होते.

मामाचं पिणं मी शाळेत असल्यापासून बघतोय. तळोजा एमआयडीसीत नोकरी, हातात कसब, स्वभावाने अत्यंत गोड माणूस, आणि संध्याकाळी सातनंतर दुसराच कुणीतरी. मामीने सगळं करून झालं होतं. नवस झाले, शपथा झाल्या. लोकलच्या डब्यात चिकटवलेली ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ वाली जाहिरात बघून एक पावडरही आणून झाली. (त्या पावडरीत काय होतं देव जाणे. पण हा प्रकार खरंच धोकादायक आहे. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना, आणि ते माहीत नसताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. कृपा करून कुणी करू नका.) मग एका ‘सेंटर’मध्ये तीन महिने ठेवलं. तिथे कडीकुलूप होतं, फोन बंद होता, आणि मामाच्या पाठीवर वळ होते. बाहेर आल्यावर आठव्या दिवशी प्यायला. नंतर एका हॉस्पिटलात दहा दिवस. त्यावर पाच महिने निघाले.

आता कुणीतरी सांगितलं होतं, पस्तीस दिवस राहायचं, काउन्सेलिंग असतं. त्यासाठी मामी एफडी मोडायला निघाली होती. “तू इंजिनीअर ना? इंटरनेटवर बघून सांग मला.”

इंजिनीअरला गिझर दुरुस्त करण्यापासून संसार दुरुस्त करण्यापर्यंत सगळं येतं असा आपल्या नातेवाइकांचा समज असतो. असो. पण ह्या वेळी नाही म्हणवेना. चार शनिवार-रविवार वाचत बसलो. माझी सवय अशी की एखादी सिस्टिम का चालत नाही ते कळत नसेल तर आधी तिची जुनी व्हर्जन्स बघायची. म्हणून सुरुवात केली ती जरा मागून, आणि गंमत म्हणजे घराजवळूनच.

आज उरण म्हटलं की आपल्याला जेएनपीटी आणि कंटेनर आठवतात. एकोणिसाव्या शतकात उरण प्रसिद्ध होतं ते दारूच्या भट्ट्यांसाठी. मोहाची फुलं बाहेरून यायची आणि इथे गाळलेली दारू मुंबईला जायची. १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा आला. हेतू सरळ होता, दारू मोजकीच केंद्रं गाळतील म्हणजे कर नीट वसूल होईल. तरी ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर चोरून गाळणं चालूच राहिलं. म्हणून १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांचा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत परवान्याशिवाय फुलं बाळगण्यावरच बंदी आली. (आपला पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात आला.) जी फुलं लोक खातही होते ती घरात सापडली तरी गुन्हा! माणूस किती पितो, का पितो, ह्याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. दारू कुणाच्या हातची पितो, एवढाच प्रश्न होता.

विरोध करणारेही होतेच. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा, १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. पुढे स्वातंत्र्य आलं, मोरारजीभाईंच्या पुढाकाराने १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्य अधिकृतपणे कोरडं झालं. त्या कोरड्या काळात मुंबईत गल्लोगल्ली चोरटे गुत्ते कसे चालत हे आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा तोच राहिला. म्हणून आजही महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. तो किती जणांकडे असतो हे विचारू नका. :-)

पनवेलकरांना २००५ आठवत असेल. डान्सबारचा विषय विधानसभेत पेटला तो रायगडच्या, म्हणजे आपल्याच पट्ट्यातल्या बारवरून. बंदी आली, नाच थांबला, दारू चालूच राहिली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदीही टिकली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली. मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली.

कायद्याचा काहीच उपयोग नाही असं मला म्हणायचं नाहीये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि तिथल्या बायाबापड्यांनी लढून १९९३ मध्ये दारूबंदी मिळवली. दारू जितकी सहज मिळते तितकी जास्त प्यायली जाते, हे त्यांचं म्हणणं जगभरच्या अभ्यासांशी जुळतं. ज्याने अजून ग्लास उचललेला नाही त्याला कायदा वाचवू शकतो. पण माझा मामा? त्याच्यासाठी पनवेल बंद केलं तर तो पेणला जाईल.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं सरकारचं लक्ष बाटलीकडे. माणसाकडे बघणारं कुणी नव्हतंच का? होतं, पण ते कचेरीत नव्हतं. गावात माळकरी होते. तुळशीची माळ गळ्यात घातली की दारू-मटण बंद. मला आधी वाटायचं की हा निव्वळ श्रद्धेचा मामला. आता वाटतं, त्यात व्यवस्थाही होती. चारचौघांसमोर घेतलेलं व्रत, दर पंधरवड्याला एकादशी, वर्षाला वारी, आणि न पिणाऱ्यांची सोबत. ह्याला आमच्या भाषेत फॉलोअप म्हणतात. गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांना प्रश्नच विचारत सुटायचे. उत्तर समोरच्याच्याच तोंडून काढून घ्यायचे, दारूबद्दलही. हे पुढे लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण तिथे १९३५ मध्ये जे झालं त्याचे धागे थेट वांद्र्याला आणि येरवड्याला पोचतात.

बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. दारूपायी सगळं घालवलेलं, पण काही महिने कोरडा होता. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामाला ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला आणि काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, खिशात थोडे पैसे, आणि एका बाजूला बार. त्या क्षणी त्याला वाटलं की आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला हवं. त्याला सुधारायला नाही हं. स्वतः न पिण्यासाठी! लॉबीतल्या फोनवरून त्याने पाद्र्यांना फोन लावले, आणि फिरत फिरत डॉ. बॉब स्मिथ नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. हाही पक्का पिणारा. पंधरा मिनिटांच्या बोलीवर तो भेटायला तयार झाला आणि दोघं कित्येक तास बोलत बसले. डॉक्टरला ह्याआधी अनेकांनी उपदेश केला होता. पण समोरचा पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट सांगत होता. महिन्याभरात, १० जून १९३५ ला डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला, आणि ती तारीख अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, जन्मदिवस मानली जाते.

ह्या गोष्टीत डॉक्टर आहे, पण तो पेशंटच्या खुर्चीत आहे. हे मला फार आवडलं.

ए.ए. भारतात १९५० च्या दशकात आली. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी ‘कृपा’ सुरू केली. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले. त्यांनी ए.ए.च्या बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली.

त्याच सुमारास मुंबई-पुण्यात दारूपेक्षा भयंकर काहीतरी आलं होतं. गर्द. ब्राउन शुगर. कॉलेजची पोरं, चांगल्या घरातली, पन्नीवर पावडर ओढून महिन्या-दोन महिन्यांत चोऱ्या करायला लागलेली. सरकारने १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा केला. त्यात विकणाऱ्याबरोबर सेवन करणाराही गुन्हेगार. (१९८९ मध्ये दुरुस्ती करून, स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देणारं ६४-अ कलम त्यात आलं.) अनिल अवचट ह्या मुलांमध्ये हिंडले आणि त्यांनी ‘गर्द’ लिहिलं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी प्रतिष्ठानतर्फे एक लाख रुपये देऊ केले, पण अशा मुलांसाठी काहीतरी उभं करा म्हणून. उभं करणार कोण? अवचटांच्या पत्नी, डॉ. अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

त्या काळी वेड्यांच्या इस्पितळाच्या आवारात स्वतःच्या मुलाला नेऊन ठेवायचं म्हणजे आईबापांना काय वाटलं असेल! आणि अनिताताईंसमोर तरी काय होतं? गर्दची ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावर होणारी ती अंगाची तगमग, औषधांनी आठ-दहा दिवसांत आटोक्यात येते. दारूतही शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतं. (पण हा टप्पा डॉक्टरशिवाय करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. मामाच्या त्या पहिल्या सेंटरमध्ये एकही डॉक्टर नव्हता हे मला आत्ता कळलं.) खरा प्रश्न त्यानंतरचा. शरीर स्वच्छ झालेला माणूस घरी जातो आणि पुन्हा सुरू करतो. का? कारण घर तेच, मित्र तेच, संध्याकाळचे सात तेच.

मग तिथे हळूहळू एक पद्धत घडत गेली. पस्तीस दिवसांचा मुक्काम. सकाळी व्यायाम, झाडलोट, कामं. गटात बसून बोलणं, एकट्याने काउन्सेलरशी बोलणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काउन्सेलरच्या खुर्चीत बरेचदा असा माणूस जो आधी तिथेच पेशंट होता. त्याच्यासमोर थाप मारणं अवघड, कारण ती थाप त्याने स्वतः मारलेली असते. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट. मुक्काम संपल्यावरही फॉलोअपला यायचं. न पिता वर्ष काढलेल्याचं कौतुक घरच्यांना बोलावून करायचं. अनिताताई १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या. पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. संस्था चालू आहे.

इथपर्यंत वाचून मी भारावलो होतो. पण मामीला भारावलेपण नको होतं, उत्तर हवं होतं. म्हणून आकडे.

ए.ए.वर बरीच वर्षं आक्षेप होता की हे सगळं भावनिक, पुरावा कुठाय? २००६ मध्ये कॉक्रेन ह्या नावाजलेल्या संस्थेच्या आढाव्यात ठोस पुरावा मिळाला नव्हता. २०२० मध्ये नवा आढावा आला. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. माणसाला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणारं काउन्सेलिंग विरुद्ध इतर मान्यताप्राप्त मानसोपचार. वर्षभर एकदाही न प्यालेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात ३५. फरक फार मोठा नाही, पण आहे. आणि दुसऱ्या गटातल्यांनाही काउन्सेलिंगच मिळत होतं हे विसरू नका. त्याआधी १९९० च्या दशकात अमेरिकेत १,७२६ जणांवर तीन पद्धती ताडून बघितल्या होत्या. निकाल जवळपास सारखेच. पद्धत कुठली ह्यावर भांडणाऱ्या तज्ज्ञांची जरा पंचाईतच झाली असणार.

आपल्याकडचं काय? माझ्या मते सगळ्यात भारी अभ्यास शेजारच्या गोव्यातला. ‘संगथ’ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले ३७७ पुरुष घेतले, ज्यांचं पिणं त्रासदायक झालेलं होतं. निम्म्यांना नेहमीची तपासणी आणि सल्ला, निम्म्यांना त्याशिवाय काउन्सेलिंग. फार तर चार बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. काउन्सेलर कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसं, प्रशिक्षण देऊन तयार केलेली. ती उपदेश करत नव्हती, प्रश्न विचारत होती. दारूने तुझं काय चाललंय, तुला काय हवंय, मित्राने आग्रह केला तर काय म्हणशील. (आठवले ना गाडगेबाबा?) तीन महिन्यांनी, मागच्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले काउन्सेलिंगच्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. वर्षाने ४५ आणि २६. म्हणजे परिणाम विरला नाही.

पण इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, जे पीत राहिले त्यांचं प्रमाण काउन्सेलिंगने कमी झालेलं दिसलं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. ज्यांना पूर्ण व्यसन जडलंय, सकाळी हात थरथरतात, असे लोक ह्या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे माझा मामा त्यात नसता. तो त्यात असायला हवा होता पंधरा वर्षांपूर्वी, कंपनीच्या वार्षिक मेडिकलला जायचा तेव्हा. तेव्हा त्याला कुणी अर्धा तास काही विचारलं नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यानुसार दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमध्ये एकालाच कुठलीतरी मदत मिळते. मामा त्या ‘एकात’ मोडतो, आणि त्याला मिळालेली पहिली मदत म्हणजे पाठीवरचे वळ.

एवढं सगळं घेऊन मी मामीकडे गेलो. लॅपटॉप उघडला. तिने चष्मा लावला.

“म्हणजे शंभरात बेचाळीस?”

“हो. वर्षभर अजिबात न घेतलेले. बाकीच्यांतले पण काही मध्ये घसरतात आणि परत उभे राहतात. पण मामी, पस्तीस दिवसांत बरा होऊन येईल असं समजू नकोस. ते पस्तीस दिवस म्हणजे नुसती सुरुवात. त्यानंतर तो मीटिंगला जातो की नाही, त्यावर बरंच आहे. आणि तुलाही जावं लागेल. बायकांची वेगळी मीटिंग असते.”

“मी कुठे पिते?” मामी म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. वीस वर्षं रात्रीची झोप नसलेल्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगत होतो की तुलाही उपचाराची गरज आहे! पण शेवटी तीच म्हणाली, “बेचाळीस वाईट नाहीत. दहावीला तुला गणितात पण एवढेच वाटले होते.”

एफडी मोडली. मामा गेला, पस्तीस दिवस राहिला, आला. साडेसहा महिने नीट गेले. मग कामावरच्या मित्राच्या मुलाची हळद आली. आपल्याकडची हळद म्हणजे काय असते हे पनवेल-उरणकरांना सांगायला नको. रात्री दोनला घरी आणून टाकला. मामीने मला फोन केला तो रडत नव्हे, थंडपणे. मला वाटलं, संपलं.

पण सकाळी उठून मामाने स्वतः काउन्सेलरला फोन लावला. ह्याआधी घसरला की तो आठवडाभर तोंड लपवायचा. ह्या वेळी मध्ये फक्त एक रात्र गेली. काउन्सेलर म्हणे एवढंच बोलला, “मी तीनदा घसरलो होतो. संध्याकाळी मीटिंगला ये.”

त्याला आता पाच महिने होतील. मामीही दर आठवड्याला तिच्या मीटिंगला जाते. आधी ती कालनिर्णयवर रोज फुली मारायची, हल्ली मारत नाही. दिवस मोजायचं काम त्याचं आहे असं म्हणते.

परवाच्या शनिवारी मी मामाला बाइकवर मीटिंगला सोडलं. एका शाळेच्या वर्गात भरते. बाकांवर पाच-सहा जण बसलेले दिसत होते, कुणीतरी चहाचा थर्मास उघडत होतं. मी उत्सुकतेने आत डोकावलो, तर मामाने हात आडवा केला.

“तू इथूनच जा. क्लोज्ड मीटिंग आहे, फक्त पिणाऱ्यांसाठी. साडेआठला ये न्यायला.”